जुनं फ्रेंच कमोड, म्हणजे खणांचं नक्षीदार कपाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं लंडनमध्ये राहते आणि जुन्या फ्रेंच फर्निचरचं मला वेड आहे. घरी एक कमोड आहे, एकोणिसाव्या शतकातलं, आणि ते बघून येणारा प्रत्येक जण तेच तेच प्रश्न विचारतो. भारतातून फोनवरही तेच. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

कमोड? म्हणजे तो टॉयलेटमधला?

हा पहिला प्रश्न असतोच, आणि तो चुकीचा नाहीये. फ्रेंचमध्ये कमोद म्हणजे सोयीचं. सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी हा शब्द खणांच्या बुटक्या कपाटाला लागला, कारण त्याआधी कपडे ठेवायला असायच्या त्या झाकणाच्या पेट्या. पेटीत तळाचं काही हवं असलं की वरचं सगळं उपसायचं, आपल्याकडे ट्रंकेत व्हायचं तसंच. खण आले आणि ते उपसणं थांबलं, म्हणून सोयीचं. पुढे इंग्रजांनी तोच शब्द रात्री खोलीत ठेवायच्या भांड्याच्या खुर्चीला वापरला, नाइट कमोड म्हणतात ते, आणि आपल्याकडे शब्द आला तो इंग्रजांकडून, त्यामुळे आपल्याला फक्त तो अर्थ माहीत. या लेखात कमोड म्हणजे खणांचं कपाटच.

दिसतं कसं? साध्या चेस्ट ऑफ ड्रॉवर्सपेक्षा वेगळं काय?

उंची साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर, म्हणजे कमरेच्या थोडं वर. रुंदी एक मीटर ते दीड मीटर. दोन किंवा तीन ओळी खण, वर संगमरवराची लादी, चार पाय, आणि समोर लाकडाच्या पातळ पत्र्यांचं नक्षीकाम, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे तुकडे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याच्या काळातलं असेल तर समोरची बाजू पोटासारखी फुगलेली असते आणि बाजूनेही लाट असते, एकही पृष्ठभाग सपाट नाही. सोळाव्या लुईच्या काळात परत सगळं सरळ, पाय निमुळते, नक्षी भौमितिक. ही दोन रूपं डोळ्यात बसली की निम्मं काम झालं. आणि हे कपाट बेडरूमच्या कोपऱ्यात दडवायला नव्हतंच, ते भिंतीला लागून, वर भिंतीवर आरसा, लादीवर घड्याळ किंवा चिनी मातीची भांडी, असं दिवाणखान्यात मानाने ठेवायचे.

पहिलं कमोड कुणी केलं?

अगदी पहिलं कुणाचं असं एक नाव नाही घेता येत, पण सुरुवातीच्या कमोडांमध्ये सगळ्यात गाजलेली म्हणजे आंद्रे-शार्ल बूल याने चौदाव्या लुईसाठी व्हर्सायच्या आवारातल्या ग्रां त्रियानाँ महालात १७०८-०९ मध्ये दिलेली दोन. बूल म्हणजे कासवाचं कवच आणि पितळ एकत्र कापून नक्षी करणारा मोठा कारागीर. दोन्हींचे पत्रे एकावर एक ठेवून एकाच वेळी करवतीने कापायचे, मग कवचात पितळ बसवायचं, आणि उरलेल्या तुकड्यांतून बरोब्बर उलटं, पितळात कवच. एका कापण्यात दोन फर्निचरची नक्षी निघते, वाया काही जात नाही.

त्या दोन कमोडांना पाय आठ आहेत, चार बाहेरचे आणि चार आतले वळलेले, कारण वरची लादी प्रचंड जड. मला ती फार आवडतात, अजून कमोड कसं असावं हे ठरलेलं नव्हतं आणि बूल प्रयोग करत होता हे त्या जास्तीच्या पायांत दिसतं.

हे एकट्या सुताराचं काम असायचं का?

अजिबात नाही, आणि हे समजलं नाही तर बाकीचं काहीच समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

पॅरिसमध्ये कारागिरांच्या संघटना होत्या आणि कुणी काय करायचं हे नियमाने बांधलेलं होतं. भरीव लाकडाच्या खुर्च्या, दारं, पॅनेल करणारे ते मेन्युझिए. सांगाड्यावर किमती लाकडाचा पातळ पत्रा चिकटवून नक्षी करणारे ते एबेनिस्त, कमोड यांचं काम. ब्राँझ ओतणारे वेगळे, मुलामा देणारे आणखी वेगळे, संगमरवरवाले वेगळे. शार्ल क्रेसां नावाचा एबेनिस्त मूळचा शिल्पकार, त्याने ब्राँझचं काम स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये करून घेतलं तर संघटनेने त्याच्यावर खटले भरले, दंड झाला. मला क्रेसांचं समजतं, आपल्या डोक्यातली आकृती दुसऱ्याच्या हाताने बिघडू नये असं त्याला वाटलं असणार.

आणि या सगळ्यांच्या वर बसलेले मार्शां-मर्सिए, म्हणजे व्यापारी. यांना स्वतः काही बनवायची परवानगी नव्हती, पण फॅशन ठरवायचे हेच. कुठून जपानी लाखेचे पॅनेल मिळव, कुठून सेव्ह्रच्या कारखान्याची पोर्सेलिन, म्हणजे चिनी माती, मिळव, एबेनिस्तला दे, ब्राँझवाल्याला गाठ, आणि तयार वस्तू राणीला विक. अठराव्या शतकातला लेखक दिदरो याच्या विश्वकोशात यांच्याबद्दल लिहिलंय की हे सगळं विकणारे आणि काहीच न बनवणारे. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं, कारण त्यांच्याशिवाय जपानी लाख आणि पॅरिसचं ब्राँझ एका कपाटावर भेटलंच नसतं.

आणखी एक, पॅरिसच्या या फ्रेंच कलेतले कितीतरी हात फ्रेंच नव्हतेच. ओबेन आणि रिझनेर हे दोन नावाजलेले एबेनिस्त घ्या, दोघेही जर्मन. फोबूर सेंत-आंत्वान या भागात संघटनेचे नियम पूर्ण लागू नव्हते, तिथे परदेशी कारागीर येऊन राहायचे. रिझनेर ओबेनच्या वर्कशॉपमध्ये शिकला, ओबेन १७६३ मध्ये वारल्यावर त्याच्या विधवेशी लग्न केलं, वर्कशॉप चालवलं, आणि पुढे राजाचा मुख्य एबेनिस्त झाला.

लाख म्हणजे आपली लाख का?

नाही. आपली लाख किड्यापासून मिळते, बांगड्यांची, पत्र सील करायची. जपानी-चिनी लाख हा झाडाचा चीक असतो, थरावर थर देत वाळवायचा. पॅरिसमध्ये तो चीक मिळायचा नाही, म्हणून जपानी पेट्या आणि घडीचे लाकडी पडदे विकत घेऊन ते चक्क कापायचे. लाखेचा थर राहील इतपत मागचं लाकूड रंध्याने पातळ करत न्यायचं आणि तो पत्रा कमोडच्या फुगीर पोटावर वाकवून चिकटवायचा. विचार करा, सपाट लाकडावरची अनेक थरांची नाजूक लाख आणि ती न तडकता दोन दिशांना वाकवायची. बेर्नार व्हान रिझनबर्ग हा त्यातला उस्ताद, वस्तूंवर शिक्का फक्त आद्याक्षरांचा, बीव्हीआरबी. १७३७ मध्ये राणी मारी लेश्चिन्स्काच्या फोंतेनब्लोच्या महालातल्या खोलीसाठी त्याने केलेलं जपानी लाखेचं कमोड आज पॅरिसच्या लूव्हर म्युझियममध्ये आहे.

चिनी कोरीव लाखेच्या पडद्यांना युरोपात कोरोमंडल म्हणतात, आपल्या पूर्व किनाऱ्याचं नाव, का तर माल त्या किनाऱ्यावरच्या बंदरांतून जहाजात चढायचा. भारतात बनलेलं त्यात काही नाही, फक्त वाटेतल्या मुक्कामाचं नाव चिकटलं.

मग खरी लाख महाग पडते म्हणून पॅरिसच्या मार्तँ बंधूंनी स्वतःचं वार्निश काढलं, आणि त्यात असे रंग आणले जे जपानी लाखेत नव्हतेच. लूव्हरमध्ये एक निळं-पांढरं कमोड आहे, मात्यू क्रिआर्दचं, १७४२ चं, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द मायी हिच्या निळ्या खोलीसाठी केलेलं. ब्राँझसुद्धा सोनेरी नाही, चांदीचा मुलामा.

आणि फ्रेंच पॉलिश? आपले सुतार म्हणतात ते?

इथे मात्र आपली लाख येते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने घासत घासत चढवायचं ते फ्रेंच पॉलिश, आणि तो चपडा किड्याच्या लाखेचाच. पण ही पद्धत रुळली एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे अठराव्या शतकातल्या कमोडवर आरशासारखं चकचकीत पॉलिश दिसलं तर ते नंतर कुणीतरी चढवलेलं असणार. वस्तू खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही, पण वरची कातडी मूळची नाही.

लाकूड कुठलं असतं?

आतला सांगाडा ओक किंवा पाइन. वरचा पत्रा ब्राझीलकडून आलेला: किंगवूड, ट्युलिपवूड, जांभळट अमारांत. तेव्हा हे पत्रे हाताच्या करवतीने कापायचे म्हणून जाडसर, एक ते दोन मिलिमीटर. आजचं मशीनचं विनीअर त्याच्या निम्म्याहूनही पातळ असतं.

आणि आज आपण जी तपकिरी-मधाळ नक्षी बघून हरखतो ना, ती मुळात तशी नव्हतीच. फुलं लाल, पानं हिरवी, मागची जमीन करडी किंवा पिवळी, लाकूड रंगवून घ्यायचे. उन्हाने सगळं उडालं. जिथे ऊन पोचलं नाही, पत्र्याची मागची बाजू वगैरे, तिथे रंग अजून सापडतात आणि बघून धक्का बसतो इतके भडक असतात.

पॅरिसबाहेरची गोष्ट वेगळी. प्रोव्हांस, लियोंकडे भरीव अक्रोडाचं लाकूड, ब्राँझ कमी, कोरीवकाम जास्त. बोर्दो, नांत या बंदरांत भरीव महॉगनी, कारण कॅरिबियन बेटांवरून जहाजं थेट तिथे यायची. त्या व्यापारात साखर होती आणि गुलामही होते, हे महॉगनीचं सुंदर कमोड बघताना मला विसरता येत नाही. ग्रनोबलचं आश घराणं मला या सगळ्यांत जवळचं, जाँ-फ्रांस्वा आश तर खणाच्या आत छापील लेबल चिकटवायचा, आपल्या दुकानात काय काय मिळतं त्याचं. अडीचशे वर्षं झाली तरी काही लेबलं जागेवर आहेत.

सोनं खरं असतं का?

हो, मुलामा खऱ्या सोन्याचा. सोनं पाऱ्यात कालवायचं, तो लेप ब्राँझवर लावायचा, मग आगीवर धरायचं, पारा उडून जातो आणि सोनं चिकटून राहतं. उडालेला पारा कारागिराच्या फुप्फुसात. हात थरथरणं, दात पडणं, लवकर मरण, हे या लोकांचं नशीब होतं. १८४० नंतर विजेवर मुलामा द्यायची पद्धत आली. फरक डोळ्यांना दिसतो, पाऱ्याच्या कामात एकाच पानावर काही भाग मॅट आणि काही घासून लखलखीत केलेला असतो, विजेच्या कामात बऱ्याचदा सगळं एकसारखं पिवळं. तुम्ही वापरताना पाऱ्याचा धोका नाही, पण ब्राँझला पितांबरी, ब्रासो, चिंच, लिंबू काही म्हणजे काही लावू नका. आपल्याला देवाची भांडी घासायची सवय, हात शिवशिवतो, पण एका घासण्यात अडीचशे वर्षांचं सोनं निघून जातं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, बास.

खरं जुनं आहे की नक्कल, कसं ओळखायचं?

समोरून नाही. समोरची बाजू ही तुम्हाला भुलवायलाच केलेली असते. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, टॉर्च घ्या आणि आत बघा. मी माझं कमोड घेतलं तेव्हा विकणाऱ्याने अठराव्या शतकातलं म्हणून सांगितलं होतं, आणि मी समोरच्या फुलांकडे बघत बसले. घरी आणून आठवड्याने खण उलटा केला तर तळाची फळी मशीनने कापलेली, करवतीच्या रेघा एकदम समांतर, आणि खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे सांधे सगळे मोजून एकाच मापाचे. हाताने कापलेले सांधे थोडे कमीजास्त असतात, आखलेली रेघ पुढे गेलेली असते, तळावर बोट फिरवलं तर रंध्याच्या हलक्या लाटा लागतात. माझ्या बोटाला काहीच लागलं नाही. त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शिकले ते त्या एका खणातून.

बाकीच्या खुणा सांगते. लादी उचलून खालची बाजू बघा, जुन्या लाद्या खालून ओबडधोबड, छिन्नीच्या खुणा असलेल्या असतात, फक्त दिसणारी कड घासलेली. स्क्रू बघा, टोकदार आणि एकसारखे आटे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे, जुने हाताने घासलेले असतात. किडीची भोकं बघा. किडा बाहेर पडताना बारीक गोल भोक करतो, पण लाकडाच्या पृष्ठभागावर उभ्या नाल्या उघड्या दिसत असतील तर समजा जुनं किडकं लाकूड नंतर कापून वापरलंय. आणि झीज कुठे आहे ते बघा, खण जिथे घासतो तिथेच झीज हवी, जिथे कुणाचा हात जात नाही तिथे झीज असेल तर ती कुणीतरी केलीय.

शिक्का असेल तर खरं ना?

तेवढ्यावर जाऊ नका. पॅरिसच्या संघटनेने १७४३ मध्ये नियम केला, १७५१ पासून तो पक्का लागू झाला, की उस्तादाने वस्तूवर नावाचा शिक्का मारायचा. तो बहुतेक लादीखाली सांगाड्याच्या वरच्या कडेवर असतो, शेजारी कधी जेएमई अशी तपासणीची खूण. १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने संघटनाच बंद केल्या. पण राजाच्या थेट नोकरीतल्यांना शिक्क्याची सक्ती नव्हती, म्हणून सगळ्यात भारी कामांवर कधीकधी शिक्का नसतोच. उलट दुरुस्ती करणाऱ्याने किंवा विकणाऱ्यानेही आपला शिक्का मारलेला असू शकतो. आणि खोटा शिक्का मारणं सगळ्यात सोपं.

ब्राँझवर मुकुटासह सी असा बारीक छाप दिसला तर आनंद माना, तो १७४५ ते १७४९ एवढ्याच काळातल्या कराचा छाप. राजवाड्यातली वस्तू असेल तर मागे रंगाने लिहिलेला नंबर असतो, राजाच्या फर्निचर खात्याच्या वहीतला, आणि त्या वह्या अजून जपलेल्या आहेत, म्हणजे नंबरावरून कुठल्या महालात कुठल्या खोलीत होतं ते शोधता येतं.

तरी फसतात माणसं, तज्ज्ञसुद्धा. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये उघडकीला आलं की व्हर्सायच्या संग्रहासाठी घेतलेल्या काही अठराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या खुर्च्या बनावट होत्या.

मग एकोणिसाव्या शतकातली नक्कल म्हणजे कचरा?

मुळीच नाही! फ्रांस्वा लिंक, आंरी दासों, बर्दले यांची कामं बघा, हे लोक राजवाड्यातल्या वस्तूंची मापं घेऊन तशाच करायचे आणि ब्राँझचं काम कधीकधी मूळच्या तोडीचं. लिंकला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. फसवणूक वस्तूत नसते, ती चिठ्ठीवर चुकीचं शतक लिहिण्यात असते. माझं कमोड यातल्या कुणाचंच नाही, कुणा साध्या वर्कशॉपचं आहे, आणि मला ते रोज आवडतं.

राजवाड्यातली कमोडं सगळीकडे कशी पसरली?

लिलाव. ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ व्हर्सायमधलं सामान विकलं गेलं, सतरा हजारांहून जास्त लॉट. क्रांतीच्या सरकारला पैसा हवा होता, इंग्लंडच्या श्रीमंतांना फर्निचर हवं होतं. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या व्हर्सायच्या खोलीसाठी रिझनेरने १७८३ मध्ये केलेलं जपानी लाखेचं कमोड आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

बघायला कुठे जाऊ?

पॅरिसला गेलात तर लूव्हर आणि व्हर्साय. लंडनला आलात तर वॉलेस कलेक्शन, तिकीट नाही, आणि माझ्या मते जगातलं सगळ्यात जवळून बघता येणारं कमोड तिथे आहे. गोद्रो या एबेनिस्तने १७३९ मध्ये पंधराव्या लुईच्या व्हर्सायच्या शयनगृहासाठी केलेलं, ब्राँझ जाक काफिएरीचं. समोर उभं राहा, ब्राँझच्या वेली पूर्ण अंगावर पसरल्यात, एका वेलीचा मागोवा घ्या, ती खालच्या खणावरून निघते आणि वरच्यावर जाते, दोन खणांमधली आडवी फट कुठे आहे ते शोधावं लागतं. मग बाजूला सरका आणि तिरकं बघा, ब्राँझ लाकडापासून किती बाहेर आलंय ते तेव्हाच कळतं.

भारतात हैदराबादचं सालारजंग म्युझियम, तिथे फ्रेंच फर्निचर आहे.

मुंबईत ठेवलं तर टिकेल का?

टिकेल, पण पावसाळ्याची काळजी घ्यावी लागेल. लाकूड फुगतं-आकसतं, सरस ओलाव्याने सैल होतो, पत्रा सुटतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर हवी, स्थिर हे जास्त महत्त्वाचं. दिवसा एसी आणि रात्री खिडक्या उघड्या हे सगळ्यात वाईट. माझ्याकडे उलटं झालं, पहिल्या हिवाळ्यात हीटरशेजारी ठेवलं आणि डिसेंबरमध्ये रात्री टक्क असा आवाज आला. सकाळी बघते तर बाजूचा नखाएवढा पत्रा उभा राहिलेला. फेव्हिकॉल लावू नका, हात जोडून सांगते. जुना सरस गरम पाण्याने परत सैल करता येतो, फेव्हिकॉल नाही, पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याचे हाल होतात. सुटलेला तुकडा पाकिटात घालून खणात ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

भिंतीला चिकटवू नका, ओल येते. थेट ऊन नको. खाली भुशाची बारीक रांगोळी दिसली तर कीड जिवंत आहे, लगेच वेगळं करा. आणि हलवताना लादी आधी उतरवा, दोघांनी, उभी धरून. आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने मधोमध तुटते.

परदेशातून भारतात आणता येईल?

येईल, पण आधी कागद. कासवाचं कवच असेल किंवा किंगवूड, ट्युलिपवूडसारखं लाकूड असेल तर ते साइट्स, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतं, परवानगी विचारूनच पुढे जा. आणि भारतात आल्यावर परत बाहेर न्यायचं झालं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा, शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे जायचं. विकत घेतल्याची पावती, जुने फोटो, पत्रं, सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

खणात काय ठेवायचं? की नुसतं शोभेला?

वापरा. हलकं ठेवा, पुस्तकं किंवा भांडी नकोत, तळ वाकतो. दोन हँडल असतील तर दोन्ही हातांनी ओढा, एका हाताने ओढलं की खण तिरका जातो आणि कड घासते. डांबरगोळ्या नकोत, वास लाकडात कायमचा बसतो. मी मलमलचं कापड अंथरलंय आणि वरच्या खणात आईची जांभळी पैठणी आहे. आई मागच्या वर्षी आली होती, तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, तिने खण ओढला, पैठणी बाजूला केली, आणि खण बाहेर काढून उलटा केला. तिचे वडील सुतार होते.

"मशीनचं आहे गं," म्हणाली, "पण सांधा छान बसलाय."

मग पैठणीची घडी बदलली, जरीची बाजू आत घेतली, आणि दोन्ही हातांनी खण लावून टाकला.